घ्या, बोला

नव्वदचं दशक संपत आलं असताना एका संध्याकाळी दूध कट्ट्यावर एका गवळ्याची धार पेल्यात न पडता गिऱ्हाइकाच्या विजारीवर पडली. गिऱ्हाईक म्हणजे आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीशेजारच्या मानसोपचार केंद्रातले समाजसेवक. त्यांना सगळे मामा म्हणत. समोर म्हैस पिळून दिलेलं दूध कट्ट्यावर उभं राहून प्यायलेल्या कुणालाही ठाऊक आहे, गवळ्याची धार चुकत नाही.

एकाच रुग्णावर उपचार करणाऱ्या वेगवेगळ्या माणसांना एकमेकांशी बोलायला लावणं, हे मामांचं काम. पद्धत एकच. एका डॉक्टरच्या टेबलावरून दुसऱ्याला फोन लावायचा आणि रिसीव्हर पहिल्याच्या हातात द्यायचा. "घ्या, बोला." पलीकडे कोण, ते सांगायचं नाही. सांगितलं की डॉक्टर "नंतर बोलतो" म्हणतात, असा त्यांचा अनुभव होता.

केंद्राचा फोन बंद असला की ते आमच्याकडे येत. एकदा सवयीनं रिसीव्हर आमच्या संपादकांच्या हाती गेला. पलीकडे मानसोपचारतज्ज्ञ होते. संपादकांनी स्वतःच्या झोपेचं विचारून घेतलं.

गवळी केंद्राचाच रुग्ण होता. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्यांनी त्याचा आजार आटोक्यात होता. आता हात कापू लागले, तेव्हा आजार उलटला असं घरच्यांनी धरलं. समुपदेशन करणाऱ्या बाईंना वाटलं, हात भीतीनं कापतात. त्यांनी दीर्घ श्वास शिकवला. तो म्हशीखाली बसून दीर्घ श्वास घेऊ लागला आणि म्हैस बुजली.

"म्हशी इकायच्या ठरल्यात, मामा," त्याची बायको कट्ट्यावर म्हणाली. "धारच निघंना झालीया."

गवळी गुडघा धरून उठला. मामा विजार पुसत होते.

"गुडघा कुणाला दावलास?"

"गल्लीतल्या डॉक्टरास्नी. त्येंच्या गोळ्या घेतोय की."

"केंद्रातल्या गोळ्यांचं सांगितलंस त्यांस्नी?"

"असं कसं सांगायचं? त्येंस्नी वाईट न्हाय वाटणार? तुमी माझ्याकडं दूध पिऊन दुसऱ्याच्या म्हशीचं कवतिक माझ्याम्होरं करतासा व्हय?"

"आणि बाईंस्नी गुडघ्याचं?"

"बाई मनाच्या. त्येंस्नी गुडघा कशाला?"

मामांनी पेला कट्ट्यावर ठेवला आणि त्याला तसंच गल्लीतल्या दवाखान्यात नेलं. मीही गेलो. मामांनी फोन लावला आणि रिसीव्हर पुढे केला.

"घ्या, बोला."

दोन्ही डॉक्टर बराच वेळ बोलले. गुडघ्याच्या गोळ्यांमुळे मनाच्या आजाराच्या गोळ्या अंगात साठत होत्या, त्यानंच हात कापत होते. रक्त तपासलं, गुडघ्याच्या गोळ्या थांबल्या.

"मला सांगायचं न्हाई व्हय रे?" गल्लीतले डॉक्टर गवळ्यावर ओरडले. त्यांना वाईट वाटलं होतंच.

दुसऱ्या दिवशी मामांनी आमच्या कचेरीतून बाईंना फोन केला. "बाई, त्याचा श्वास तेवढा बंद करा. म्हस बुजतीया."

हात कापायचे थांबले. म्हशी विकल्या गेल्या नाहीत.

मामा पुढे निवृत्त होऊन राधानगरीकडे गावी गेले आणि तिथंच वारले. बातमी आम्ही चार ओळींत छापली.

त्यानंतर एका संध्याकाळी गल्लीतले डॉक्टर कट्ट्यावर दूध पीत होते. गवळी म्हशीखालून उठताना कळवळला.

"गुडघा व्हय रे? उद्या ये, नवी गोळी आलीय."

गवळ्यानं टॉवेलला हात पुसले, खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला आणि तो डॉक्टरांपुढे धरला.

"घ्या, बोला."

डॉक्टरांच्या मिशीला फेस होता. त्यांनी फोन घेतला.