पाय लावून विणलेली पाटी

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात ‘क्राफ्ट’ या शब्दाविषयी लिहीत होते. गंगापूर रोडवरच्या एका लहान कंपनीत मी वेबसाइटसाठी इंग्रजी मजकूर लिहिते. हातानं बनवलेल्या वस्तू विकणाऱ्या एका ग्राहकाला या शब्दाची गोष्ट हवी होती. सुरुवातीला त्याचा अर्थ ताकद असा होता, हे मला त्याच सकाळी कळलं. जर्मनमध्ये तो अजूनही तसाच आहे. इंग्रजीत मात्र ती ताकद हळूहळू कौशल्य झाली, पुढे व्यवसाय झाली, लहान होड्यांचं नावही झाली आणि वाटेत कुठेतरी तिला कावेबाजपणा चिकटला. एवढं लिहून झालं आणि आईचा फोन आला… “अगं, दादा गेला.” मी आधी फाइल सेव्ह केली, मग उठले. पाच आठवडे झाले, पण ते सेव्ह करणं डोक्यातून जात नाही.

मामा हरसूलजवळच्या आमच्या आजोळचे. आजोबांकडून बांबूकाम शिकलेले. मी नाशिकमध्ये ज्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होते, तिथेच ते क्राफ्ट शिकवायला लागले. शाळेत मी त्यांना ‘सर’ म्हणायचे. तसं म्हण, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझे मामा आहेत हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं आणि मला तेच हवं होतं. ते बूट दाराबाहेर काढून फरशीवर बसायचे, बांबूच्या कामट्या आडव्या-उभ्या मांडायचे आणि पाटीचं बूड दोन्ही पायांनी दाबून धरून विणायला घ्यायचे. पायाच्या अंगठ्याखाली कामटी जरासुद्धा हलायची नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच “ईऽ, फीट!” म्हणायचं आणि मीही हसायचे.

आठवीत एकदा माझ्या पाटीचं बूड सारखं सुटत होतं. मामा माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “पाय लाव की गं. नुसत्या हातानं नाय व्हायचं. तुझा आजा तर…” मी वर पाहिलं. माझ्या तोंडाकडे बघून ते थांबले. पण मधल्या सुट्टीत शेजारच्या मुलीनं विचारलंच, “हाऊ डज ही नो युवर ग्रँडफादर?” मी म्हणाले, “काय माहीत. ही इज वियर्ड.”

त्याच आठवड्यात वर्गानं मुख्याध्यापिकांना तक्रारीचं पत्र द्यायचं ठरवलं. इंग्रजी माझं चांगलं होतं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. पण का नाही, हे सांगावं लागलं असतं. सर वर्गात पाय वापरतात, हे अस्वच्छ आहे आणि शिक्षकाला न शोभणारं आहे, असं मी लिहिलं. वाक्य छान जमलं होतं.

पुढच्या रविवारी मामा घरी आले. येताना करवंदं आणली होती. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून म्हणाले, “वाच बरं. हापिसातून आलाय. त्यांना विचारायला बरं नाय वाटत.” शाळेची इंग्रजीत टाइप केलेली नोटीस होती आणि तिच्यात माझं वाक्य जसंच्या तसं होतं. आई आत चहा करत होती. मी म्हणाले, “काही नाही मामा. नवीन नियम आलाय. आता टेबल-खुर्ची वापरायची.”

“सगळ्यांनाच?”

“हो, सगळ्यांना.”

“एवढंच व्हय! मला वाटलं, घालवलं मला.” आणि त्यांनी करवंदांची पिशवी माझ्याकडे सरकवली.

पुढच्या खेपेला त्यांनी हसत सांगितलं, “ड्रॉइंगच्या मॅडमना म्हटलं, तुम्हालाबी नियम आलाय ना? लय हसल्या त्या.” सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे एकही कागद वाचायला आणला नाही. टेबलाच्या गुळगुळीत सनमायकावर बूड धरेना, तेव्हा बांबू बंद झाला. निवृत्त होईपर्यंत ते क्रेप कागदाची फुलं शिकवत राहिले.

गेल्या रविवारी मी हरसूलला गेले होते. ओटीवर त्यांची अर्धी विणलेली पाटी तशीच होती. कामट्या सुटू नयेत म्हणून मामीनं बुडावर दगड ठेवला होता. ती म्हणाली, “बस. येतं का तुला?” मी दगड बाजूला केला, चपला काढून बसले आणि पाय ठेवला. मग म्हणाले, “मामी, शाळेत मामांच्या विरुद्ध पत्र दिलं होतं ना, ते मी लिहिलं होतं.”

“कंचं पत्र?” तिला काहीच माहीत नव्हतं. “ते तर सांगत होते, आता मास्तरांना टेबल-खुर्ची मिळाली. भाचीनं वाचून दाखवलं म्हणे. गावभर सांगितलं.”

माझं खोटं त्यांनी असं घरी आणून ठेवलं होतं… मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पत्र, नोटीस, करवंदं, सगळं. अंगठा भरून आला होता, पायाला कंप सुटला होता. एवढी ताकद लागते हे मला माहीतच नव्हतं.

मग मामी माझ्याकडे न बघता म्हणाली, “पाय दाबून धर. बूड सुटतंय.”