निळी खूण नसलेलं पुडकं

आर्डिस टोलेफ्सनच्या हाताला चव आहे, हे विस्कॉन्सिनच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात सगळेच मान्य करीत. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं तीस वर्षं काढली होती. हरणाच्या पाठीचं मांस ठेचून ती ताकात भिजवी, अंड्यात बुडवून खाऱ्या बिस्किटांच्या चुऱ्यात घोळवी आणि बिडाच्या तव्यात कुरकुरीत तळी. डिसेंबरातल्या त्या रविवारीही तेच चाललं होतं. चार महिन्यांची पोटुशी सून जेना ओट्याशी उभ्यानंच खात होती.

"बसून खा गं."

"बसलं की अर्धी चव जाते. कर्ट, ये लवकर, नाहीतर काही उरणार नाही तुला."

आर्डिस हसली. पुडक्याचा पांढरा कागद टाकायला तिनं उचलला आणि उलटून पाहिला. कागदावर तिच्या मुलाचं, कर्टचं नाव होतं. निळी खूण नव्हती.

तिथल्या हरणांत मेंदू पोखरणारा रोग शिरला आहे. माणसाला तो झाल्याचं कुणी ऐकलेलं नाही. पण तळून तो मरत नाही, हेही सगळे जाणतात. म्हणून मारलेल्या हरणाचं मुंडकं वनखात्याच्या तपासणीच्या पेटीत टाकायचं, त्याच्या नंबराची चिठ्ठी जपून ठेवायची आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरच्या खालच्या टोपलीत ठेवायचं. निकाल चांगला आला की आर्डिस पुडक्यांवर निळी खूण करी, मगच ती वरच्या टोपलीत येत. नवऱ्याच्या, व्हर्लिनच्या हरणाचा निकाल आला होता. कर्टच्या हरणाचा यायचा होता.

"व्हर्लिन, खालची टोपली हलवलीस?"

"टर्कीचा रस्सा ठेवायला जागा नको? का गं?"

कागद चुरगळून टाकला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. तेल तडतडत होतं. जेनानं ताटातला आणखी एक तुकडा उचलला.

"ठेव तो खाली," आर्डिस म्हणाली, आणि कागद तिच्यापुढे धरला.

कर्ट हसण्यावारी न्यायला बघत होता. "आई, बाबांनी जन्मभर न तपासता खाल्लंय."

"आणि बघ त्यांच्याकडे," ती सवयीनं बोलून गेली.

"मी दीड खाल्ला," जेना एवढंच म्हणाली.

वाट बघा, याखेरीज डॉक्टरांकडेही औषध नव्हतं. आर्डिसनं आईच्या वेळचा तो तवा तीनदा घासला, तरी घरात ठेववेना, म्हणून शेडमध्ये नेऊन टाकला. रोज सकाळी ती कर्टच्या चिठ्ठीवरून उतरवून घेतलेला हरणाचा नंबर निकालासाठी कॉम्प्युटरवर घाली. टाइप करताना बोटं चुकत. जेनाचा फोन येत नव्हता. पाचव्या दिवशी आला.

"निकाल आला?"

"नाही."

"तुम्हाला झोप लागते, आर्डिस?"

"नाही गं."

"मलाही नाही. कर्ट मात्र घोरतो." मग म्हणाली, "आला की आधी मला सांगा. चांगला असो, वाईट असो."

दहाव्या दिवशी पडद्यावर ओळ उमटली: रोग आढळला नाही. आर्डिसनं ती दोनदा वाचली आणि कर्टला नाही, जेनाला फोन लावला.

"नंबर वाचा," जेना म्हणाली. "एकेक आकडा. चिठ्ठी माझ्या हातात आहे."

आर्डिसनं चष्मा पुसला आणि ती पहिल्या आकड्यापासून सावकाश वाचायला लागली.