उद्याचं पाणी

फोन रफिकभाईंचा होता. अमरावतीला ताईच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, आणि मोर्शीकडे त्यांची संत्र्याची बाग. सकाळच्या वेळी ते सहसा फोन करत नाहीत, म्हणून गॅस बंद करूनच मी तो उचलला. "बाई, विलासभाऊ रात्री औषध घेऊन झोपले... उठलेच नाई." एवढं बोलून ते रडू लागले. मी मात्र 'औषध' या शब्दापाशीच अडकले. त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात 'औषध घेतलं' म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. कपाशीवर फवारतात तेही औषध, आणि माणसं पितात तेही औषधच. त्यात विलासभाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, अचलपूरला कृषी केंद्र चालवायचे. त्यांच्या दुकानात फळ्या भरून औषधंच होती.

माझ्या गावी जठारपेठेतून बस स्टँडला पोचेपर्यंत मी सवयीनं कामांची यादी केली. कोणाला कळवायचं, चहाचं दूध कुठून आणायचं, ताईजवळ सतत कोण बसेल. पण प्रत्येक कामाच्या मागे तोच प्रश्न उभा होता... कोणतं औषध? अमरावतीला पोचल्यावर रफिकभाईंना बाजूला घेऊन विचारलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, बीपीची गोळी हो बाई! रोज घेत होते ते. मी गोळी म्हणायले पायजे होतं." डॉक्टरांनीही हृदय थांबल्याचंच लिहून दिलं होतं. पण एकदा तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण दारातून आत येताना नाक थोडं वर करून वास घ्यायचा. "रात्री जेवले होते नं?" "दुकानाचं बरं चालू होतं नं?" एक दूरच्या आत्याबाई हात धुवायला म्हणून मोरीत गेल्या, त्या कोपरान् कोपरा पाहूनच बाहेर आल्या. आणि खरं सांगायचं तर पलंगाखाली वाकून मीही पाहिलं.

संशयाच्या या घरात संशय घेण्याचा मान खरं तर भाऊजींचा होता. कुठल्या गावात कोणी औषध घेतल्याचं कळलं की ते पहिल्यांदा विचारत, बाटलीचं झाकण कोणत्या रंगाचं होतं? आपल्या फळीवरची तर नव्हती? गिऱ्हाईक बोलताना जरा गप्प झालं की त्याला चहा पाजून बसवून ठेवत, घरी कोण आहे ते विचारत, आणि मग "माल संपला" म्हणून सांगत. फळी तर भरलेली दिसायची. लोक चिडत, दुसऱ्या दुकानात जात. अचलपूरहून बसनं घरी आले की अंगणातल्या मोरीत अंघोळ केल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत. दुकानाचे कपडे वेगळ्या बादलीत. तरी त्यांची खात्री होत नसे. आपल्या हाताला, चपलेला, केसाला लागून औषध घरात आलंच असेल, असं त्यांना वाटे.

यातूनच झिंगे आले. नागपूरला कामाला गेले असताना कुठल्याशा दुकानात त्यांनी ते पाहिले आणि पाण्याची पिशवी मांडीवर धरून बसनं घेऊन आले. नखाएवढे, लालचुटूक, गोड्या पाण्यातले. बैठकीत खिडकीपासून लांब एक छोटी काचेची टाकी, तळाला वाळू, थोडं शेवाळ. मला हा रिकामपणाचा उद्योग वाटला. "भाऊजी, पाळायचेच तर मासे पाळा, दिसतात तरी," मी म्हटलं. ते म्हणाले, "माशाले उशिरा समजते. झिंग्याले लगेच समजते. औषधाचा थेंबभर अंश आला नं घरात, तर हे पयले जातीन. हे हालून राहिले म्हणजे घर साफ आहे." सकाळी उठल्यावर देवाआधी टाकीपुढे उभं राहून ते पाहायचे. झिंगे पुढचे इवलेसे पाय चालवत शेवाळ खुडताना दिसले की मगच त्यांच्या घशाखाली चहा उतरे.

एका उन्हाळ्यात सगळे झिंगे एकाच रात्रीत मेले. आदल्या संध्याकाळी रफिकभाई बागेत फवारणी करून तसेच येऊन टाकीजवळ बसले होते. झालं... भाऊजींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. शेजारी राहून दोघं एकमेकांचं फाटक चुकवू लागले. नवे झिंगे आले आणि मग एका दुपारी खरा गुन्हेगार सापडला, तोही हातात तांब्याचं भांडं घेऊन. उन्हानं टाकीतलं पाणी उतरलेलं पाहून ताई त्यात रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी ओतायला निघाली होती. मागच्या वेळीही तिनंच ओतलं होतं. "ज्या पाण्यानं आपली तब्येत चांगली राहते, त्यानं त्यायचं कावून बिघडंन?" ती म्हणाली. माणसाला चालणारा तांब्याचा अंश झिंग्यांना विष असतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच पावली भाऊजी रफिकभाईंकडे गेले. रफिकभाईंनी त्यांना दारातच ऐकवलं, "या या, विलासभाऊ! इतके दिवस मले झिंग्यायचा खुनी करून ठेवलं, अन् खुनी तुमच्या सैपाकघरात निघाला!" त्यानंतर ते तांब्याचं भांडं भाऊजींच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर गेलं, आणि ताईला टाकीजवळ हात नेण्याची बंदी झाली. ती नुसती काच पुसायला गेली तरी आतून आवाज यायचा, "सुमन, दूर!"

तेरवी झाली, पाहुणे गेले. मी चादरी मोजून ठेवत होते, तेव्हा ताईनं दार लावून घेतलं आणि कपाटातून एक स्टीलचा ग्लास काढला. वर ताटली, आत तळाशी पाणी. भाऊजींचा शेवटचा ग्लास. त्या सकाळी गर्दी व्हायच्या आधीच तिनं तो लपवला होता.

"वास नाही येत," ती म्हणाली. "पण मले पाहाचं आहे. हे झिंग्यायच्या पाण्यात टाकतो. जगले तर गोळीच होती. मेले तर..."

म्हणजे इतके दिवस सगळ्यांना "हार्ट, हार्ट" सांगणारी माझी बहीण मनातून तोच प्रश्न घेऊन वावरत होती. मी तिच्या हातातला ग्लास धरला. एक झिंगा वाटीत काढून पाहू, असं माझं व्यवहारी डोकं म्हणालंसुद्धा. तेवढ्यात माझं लक्ष स्टुलाकडे गेलं.

"ताई, या ग्लासात पाणी कशातलं घेतलं होतं त्यांनी?"

तिनंही तिकडे पाहिलं. तांब्याचं भांडं तिथंच होतं.

"मग तर झिंगे मरतीनच," मी म्हटलं, "काही असो, नसो. अन् तू जन्मभर भलतंच समजून बसशीन."

ताई पलंगावर बसली. मग तिनं विचारलं, "तूच सांग, या टाकीचं पाणी कसं बदलतात?"

"मले काय माहीत?"

"मले तरी कुठं माहीत? बादलीत नळाचं पाणी भरून, वर फडकं टाकून एक दिवस ठेवत. गेले त्या रात्रीही ठेवलं होतं. कावून ठेवत, किती टाकत, कसं टाकत... काई सांगितलं नाही मले. हातच लावू देत नव्हते." ती थांबली. मग रडता रडता हसू लागली. "जायचंच असतं तर शिकवून गेले असते नं मले? माझ्या भरवशावर झिंगे सोडून ते जातीन काय?"

मी स्वभावानं कशावरही चटकन विश्वास ठेवणारी बाई नाही. पण हे मला पटलं. ग्लास मी मोरीत ओतला, घासला आणि इतर ग्लासांमध्ये पालथा घातला.

ताईला विचारूनच हे लिहिते आहे, कारण कुजबुज अजून थांबलेली नाही. रफिकभाईंनी नागपूरच्या त्या दुकानात जाऊन पाणी बदलण्याची पद्धत विचारून आणली, आता ते भिंतीवरून सूचना देतात. झिंगे आहेत, मध्ये पिल्लंही झाली. संध्याकाळी मी फोन केला की ताई बोलता बोलता मध्येच म्हणते, "थांब वं, बादली भरून ठेवतो... उद्याचं पाणी." मग नळाचा आवाज येतो. तो थांबेपर्यंत मी फोन कानाशी धरून ठेवते.