धाकलीबाईंचे पागोटे

पोहून भिजलेले केस वाळेपर्यंत घरी जायचे नाही, असा आमचा दोघींचा करार होता. मी तेव्हा अकरा वर्षांची, आणि धाकलीबाई नुकत्याच विशीत आलेल्या. गिरगावच्या चौपाटीवर, कोळीवाड्याच्या अंगाला, जाळी वाळत घालण्याच्या बांबूंपाशी आम्ही उन्हाकडे पाठ करून बसत असू. त्यांच्या पाटीत विकून उरलेल्या दोन-चार मांदेल्या आणि माझ्या मांडीवर मिशनच्या शाळेतल्या मदरने पाठ करायला दिलेले इंग्रजी पुस्तक. "वाचून दाखव गो," त्या म्हणत. मी वाचू लागे. त्यातले एक अक्षर त्यांना कळत नसे, तरी मध्येच हात वर करून म्हणत, "थांब. हा मानूस खोटं बोलतो, नाय? तुझ्या तोंडावरून वाटतं." आणि नवल असे की बहुतेक वेळा तो मनुष्य खरोखरच खोटे बोलत असे!

धाकलीबाईंना येत्या शिमग्याला साठावे वर्ष लागते. त्यांच्या आईने सांगितलेल्या एका वादळाच्या खुणेवरून आम्ही हा हिशेब काढला आहे. चुकला असेल तर वर्षभराने पुन्हा समारंभ करू. पुरुषमाणसांच्या साठीला शांती करतात, मानपत्रे देतात. बाईच्या साठीला नातवंडांशिवाय कोणी फिरकत नाही. म्हणून आम्ही त्यांच्या शिष्यिणींनी ही पुस्तिका छापली, आणि समारंभात माझा लेख मोठ्याने वाचायचे ठरवले. मोठ्याने वाचण्याला एक कारण आहे. ते शेवटी सांगेन.

आमची पहिली ओळख आमच्या घराच्या मागच्या पायरीवरची. धाकलीबाई रोज सकाळी आईला मासळी द्यायला येत. त्या दिवशी माझा थोरला भाऊ मामांबरोबर पोहायला शिकायला गेला होता, आणि मला नेले नाही म्हणून मी पायरीवर बसून रडत होते. धाकलीबाई सुरमई कापत होत्या.

"का रडते पोर?" त्यांनी आईला विचारले.

"हिला पोहायला जायचंय. मुलींनी कधी पोहायचं असतं का?"

त्यांनी कोयती थांबवली. "बाय, उद्या पोर पाण्यात पडली, तर पानी काय इचारतं, तू पोरगा का पोरगी?"

"तू तुकडे नीट काप बघू!" आई म्हणाली, पण म्हणताना तिला हसू आले, ते मी पाहिले. पुढे कितीतरी वर्षांनी मला समजले, की केस वाळवण्याचा आमचा करार अगदी व्यर्थ होता. मी चौपाटीवरून परतण्याच्या वेळेला आई माझे खारे केस धुवायला शिकेकाई उकळून ठेवत असे.

त्या दिवसांपासून आजपर्यंत धाकलीबाईंनी गिरगावातल्या किती मुलींना पोहायला शिकवले, याची मोजदाद त्यांनी ठेवली नाही. पाटी रिकामी झाली की दुपारी, पुरुषमंडळी कचेरीत असताना, आम्ही जमत असू. कमरेला वाळलेला भोपळा बांधायचा, लुगड्याचा काचा घट्ट मारायचा आणि पाण्यात उतरायचे. भोपळा कधी सोडायचा हे मुलीने ठरवायचे नाही, तिच्या आईनेही नाही, धाकलीबाईंनी ठरवायचे. एकदा एका मोठ्या घरच्या मुलीने आपल्या मनानेच तो सोडला. धाकलीबाईंनी तिला काठावर आणले आणि तिच्याकडून दुपारभर जाळ्याच्या गाठी सोडवून घेतल्या. ती रडली. "रड," त्या म्हणाल्या, "पन गाठ सोडव."

त्यांच्या शाळेत कोळणींच्या मुली आणि आमच्या वाड्यांतल्या मुली एकाच रांगेत असत. पोहून झाल्यावर सगळ्यांना एकाच भाकरीचे तुकडे मिळत. कोणाची आजी सोवळ्याचे बोलली, तर धाकलीबाईंचे उत्तर तयार असे: "सगल्यांची लुगडी वली, म्हनजे सगल्याच सोवळ्या!"

एक खाजगी गोष्ट लिहिते. माझी धाकटी मुलगी तापाने गेली, तेव्हा घर माणसांनी भरलेले होते आणि मला कोठे तोंड लपवावे ते कळत नव्हते. पंधराव्या दिवशी धाकलीबाई मागच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. पाटी नव्हती. "चल," म्हणाल्या, "डोळ्यांतलं पानी घरात सांडू नको, सगली बघतात. दर्यात कोन बघतंय?" त्या दिवशी मी किती वेळ पाण्यात होते, मला आठवत नाही. त्या कमरेइतक्या पाण्यात, माझ्याकडे पाठ करून, पहारेकऱ्यासारख्या उभ्या होत्या.

आता शर्यतीची हकिकत.

शिमग्याला कोळीवाड्यात होड्यांची शर्यत होते. काठापासून नांगरून ठेवलेल्या एका मोठ्या गलबताला वळसा घालून परत यायचे, आणि जिंकणाऱ्या होडीच्या तांडेलाच्या डोक्याला पाटलांनी सर्वांसमक्ष तांबडे पागोटे बांधायचे. सुकाणू धरतो आणि हुकूम देतो तो तांडेल. तो अर्थात पुरुष. धाकलीबाई दरवर्षी पाटलांकडे जाऊन बायकांची होडी उतरवू द्या म्हणत. सहा वर्षांपूर्वी पाटील कंटाळून म्हणाले, "आठ बायका आन वल्ह्यांना, मंग बघू." कोळीवाड्यातल्या चौघींहून अधिक बायकांना त्यांचे नवरे सोडणार नाहीत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. गिरगाव मात्र त्यांच्या ध्यानात आले नाही.

धाकलीबाई आमच्याकडे आल्या, आणि चार मुली मिळाल्या. त्यांतली सर्वांत लहान सुंदरा, चौदा वर्षांची. तिचे वडील तात्या एका पेढीत हेडक्लार्क. सुधारणेची व्याख्याने त्यांनी पुष्कळ ऐकली होती; पण शिमग्याच्या दिवशी, शिव्यागाळींच्या गर्दीसमोर, मुलीने वल्हे मारायचे! त्यांनी दोन रात्री विचार केला आणि दोन अटी घातल्या. एक, होडीत एक वडीलधारी बाई बसली पाहिजे. ती मी. दुसरी, होडीला दोन्ही बाजूंनी पडदा हवा. त्यांनी स्वतःच्या दिवाणखान्यातला चिटाचा पडदा काढून दिला, त्यावर मोठमोठे विलायती गुलाब. "पडदा सुटणार नाही," असा शब्द मी त्यांना दिला. धाकलीबाईंनी पडद्याकडे पाहिले, मग आकाशाकडे पाहिले.

आम्हा शहाण्या, शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही, की होडीला बांबू रोवून कापड बांधले म्हणजे त्याचे शीड होते.

निशाण पडले. चार होड्या बाणासारख्या सुटल्या आणि पाचवी, म्हणजे आमची, वाऱ्याने आडवी झाली. काठावर हशा उसळला. "अरे, मेणा चालला, मेणा!" "वरात हाय रं! नवरी कुठाय?" "वाजंत्री बोलवा!" मी मधल्या फळीवर छत्री घट्ट धरून बसले होते आणि मारुतीचे नाव व मदरने शिकवलेली प्रार्थना, दोन्ही एका दमात म्हणत होते. मुली जीव खाऊन वल्ही मारीत होत्या आणि होडी खेकड्यासारखी तिरकी चालली होती. गलबतापाशी पोहोचलो तेव्हा आम्ही सर्वांच्या मागे, बाकीचे वळून परत निघालेले.

मागे सुकाणूवर धाकलीबाई. त्यांनी कमरेची कोयती काढली. मला वाटले, आता पडदा गेला. पण त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"शबूद तू दिलायस, बाय. कापायचं का ठेवायचं, तूच सांग. मी तुझा शबूद कापनार नाय."

मी मुलींकडे पाहिले. वडिलांसमोर जिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता ती सुंदरा, घामाने निथळत, वल्हे न थांबवता ओरडली, "मावशी, कापा! अहो, कापा ना!"

मी कापला. चारही दोऱ्या! गुलाब फडफडत पाण्यात पडले आणि होडीने अशी उसळी घेतली, की माझी छत्री त्यांच्या पाठोपाठ गेली. एकदम ऊन, वारा, आणि सगळा किनारा समोर! धाकलीबाईंनी आरोळी दिली, "होऽऽ घ्या! पोरींनो, होऽऽ घ्या!" आठ पाठी एकदम वाकत होत्या, एकदम उठत होत्या. चौथी होडी मागे पडली. तिसरीतले गडी आमच्याकडे पाहत राहिले आणि त्यांची वल्ही एकमेकांत अडकली. काठावरच्या आरडाओरडीचा सूर बदलला, तो मला स्पष्ट ऐकू आला. आधी बायकांचा आवाज, मग सगळ्यांचाच. दुसरी होडीही मागे गेली. आता एकच पुढे होती. "दात खा, पन वल्हं सोडू नको!" धाकलीबाई ओरडल्या, आणि काय सांगू, मीसुद्धा, माझ्या वयाची बाई, उभी राहून मदरच्या कवायतीतले "वन! टू! वन! टू!" ओरडू लागले. वाळूला होडीची पहिली नाळ, म्हणजे पुढचे टोक, लागली ती आमची. एका वल्ह्याच्या अंतराने!

तात्या धावत पाण्यापर्यंत आले. चेहरा पांढरा. "पडदा कुठाय?" त्यांनी विचारले.

"तो हरला, तात्या," सुंदरा म्हणाली. "आम्ही जिंकलो."

तात्यांनी आपले उपरणे काढून तिच्या भिजलेल्या खांद्यांवर टाकले, आणि तिच्या हाताचे फोड पाहू लागले.

इतके सारे झाले आणि पागोट्यापाशी अडले. पाटील ताटातले पागोटे घेऊन पुढे आले आणि थबकले. "बाईच्या डोक्याला पागोटं? तशी रीत नाय. होडी रामा नाखव्याची. रामाच्या डोक्याला बांधतो." रामा नाखवा म्हणजे धाकलीबाईंचे यजमान, होडीचे मालक, स्वभावाने फार शांत गृहस्थ. ते गर्दीतून पुढे आले, हात जोडले आणि म्हणाले, "पाटील, मी तर हितं बसून चिलीम वढत व्हतो. बांधायचंच तर चिलमीला बांधा."

लोक पोट धरून हसले. पाटील मात्र हसले नाहीत. म्हणाले, "हातात देतो. घरी ने."

"हातात नको," धाकलीबाई म्हणाल्या. "गेल्या साली जिंकला त्याला हातात दिलं व्हतं का? रीत नाय, तर ठेव पेटीत. माझं डोकं कुठं जात नाय."

आणि त्या वळल्या आणि आम्हाला भाकरी वाटायला गेल्या.

त्या गोष्टीला सहा वर्षे झाली. आता दर शिमग्याला बायकांच्या दोन होड्या उतरतात, पडद्यावाचून. रविवारी परळ-लालबागच्या गिरण्यांतल्या बायका घोड्यांच्या ट्रामीने येतात आणि भोपळा बांधून पाण्यात उतरतात. पण त्यानंतर बायकांची होडी पहिली आली नाही, आणि ते पागोटे अजून पाटलांच्या पेटीतच आहे. पाटलीणबाईंनी मला एकदा हळूच सांगितले, की दर वर्षी पावसाळा सरला की पाटील स्वतः ते बाहेर काढतात, उन्हात घालतात, घडी मोडू न देता कडुनिंबाचा पाला घालून परत ठेवतात. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. इतकी निगा मनुष्य परक्याच्या वस्तूची करतो, ती परत द्यायची असते म्हणूनच ना?

गेल्या महिन्यात मी समारंभाचे आमंत्रण घेऊन त्यांच्याकडे गेले आणि पागोट्याचे विचारले. ते म्हणाले, "बघू." पाटलांचे 'बघू' आम्हाला पाठ आहे. मागच्या 'बघू'तून आठ बायका निघाल्या होत्या.

धाकलीबाईंचे केस आता पांढरे झाले आहेत. डाव्या गुडघ्याला वारा सोसत नाही. तरी सुकाणू त्यांनी सोडलेले नाही, आणि अजून कितीक शिमगे ते त्यांच्याच हातात राहो. आमच्या मुलींच्या मुलींचे भोपळे त्यांनीच सोडवावेत. त्यांची नजर, आवाज आणि भाकरी थापणारे हात असेच खणखणीत राहोत. आमच्या आयुष्यातली काही वर्षे त्यांना देता आली असती, तर कोणी किती द्यायची यावरून आम्हा शिष्यिणींत खात्रीने भांडण झाले असते.

आता वाटणी. ती नीट व्हावी म्हणून येथे लिहून ठेवते.

पडदा त्या दिवशी रामा नाखव्यांनी समुद्रातून काढून वाळवून ठेवला होता. या पुस्तिकांची बांधणी त्याच कापडात केली आहे. जिच्यावर सर्वांत अधिक गुलाब आले आहेत ती प्रत तात्यांना द्यावी. त्यांनी ती मागून घेतली आहे. एक प्रत पाटलीणबाईंना. धाकलीबाईंची प्रत त्यांच्या नातीच्या हाती द्यावी, ती आता शाळेत जाते. तिने आजीला वाचून दाखवावी, आणि एखादे वाक्य खोटे वाटले तर आजीने हात वर करावा. कोयती त्या दिवसापासून माझ्याजवळ आहे, ती यंदा जी दुसऱ्या होडीचे सुकाणू धरील तिला. माझा पहिला भोपळा सुंदराच्या तीन वर्षांच्या मुलीला. चिलीम रामा नाखव्यांचीच. ती कोणी मागू नये.

राहिले पागोटे. हा लेख वाचून संपेल तेव्हा पाटील समोरच बसलेले असतील; मोठ्याने वाचण्याचे कारण तेच. पेटी बरोबर आणा, असे मी पाटलीणबाईंना सांगितले आहे, आणि त्या विसरणाऱ्या नव्हेत. पागोटे धाकलीबाईंना द्यावे. हातात नव्हे.