अकरा एकांची संख्या

सायाजी, म्हणजे मोठे गुरुजी, ऊ टिन न्यो ब्रह्मदेशातल्या पखोक्कूच्या आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. घर सांभाळायची त्यांची धाकटी बहीण, दॉ सान यी. सायाजी रंगूनला शिकायला गेले तेव्हा त्यांना रांधून घालायला म्हणून तिला सातवीतून काढलं होतं. दादाच्या वह्या वाचून ती गणित शिकली.

ओळीने अकरा एक लिहिले की जी संख्या होते, तिला कशानेच भाग जात नाही, असं सायाजींच्या मनाने घेतलं. पण एकेक मूळ संख्या घेऊन भागून बघायचं कोणी? सान यीने. मोहिंग्याचा, म्हणजे शेवयांवर घालायचा माशाचा, रस्सा चुलीवर चढवून ती पाटी घेऊन बसायची. दिवसाला एक भागाकार, तोही पडताळून. असं जवळजवळ सात वर्षं.

सायाजींना तेवढा धीर नव्हता. पाचव्याच वर्षी त्यांनी रंगूनच्या एका मासिकात लेख छापून आणला. गावात सत्कार झाला, लफेची, म्हणजे मुरवलेल्या चहापानांची, ताटं फिरली. लेखात बहिणीचं नाव नव्हतं.

"दादाचं काय नि माझं काय," ती मला म्हणाली.

मी शाळेत नवी, हंगामी शिक्षिका होते, शेजारीच राहायचे. एका सकाळी तिने मला कुंपणावरून हाक मारली.

"पोरी, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने बाकी शून्य येतेय. जरा गुणून बघ गं."

भागाकार आला होता पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. मी गुणलं. अकराच्या अकरा एक आले. तेवढ्यात सायाजी बाहेर आले.

"दादा, भाग गेला."

"चुकली असशील."

"तीनदा गुणलंय. हिनेही गुणलं."

सायाजींनी पाटीवरचे आकडे बोटाने एकेक करून तपासले. त्यांना कळलं होतं, चेहराच सांगत होता. मग त्यांनी तळहाताने पाटी पुसली.

"सातवी शिकलेली बाई मला गणित शिकवणार! चहा टाक." आणि माझ्याकडे वळून, "तू काय गुणलंस गं?"

मला कायम करायच्या कागदावर त्यांची सही व्हायची होती.

"मी नीट बघितलं नाही, सायाजी."

सान यीने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती चहा टाकायला आत गेली.

सायाजी वारले. शाळेच्या सभागृहात संगमरवरी फरशी बसली: त्यांचं नाव, अकरा एक आणि खाली 'अभंग संख्या'. वीस वर्षांनी सान यी तो भागाकार कागदावर उतरवून नव्या मुख्याध्यापकांकडे गेली. त्यांनी मला बोलावलं.

"खरंय हे?"

"खरंय. भाग जातो."

"असेल," ते हसले. "पण आजी, आता दगडात कोरलंय. आणि सख्ख्या भावाची अब्रू कशाला काढता?"

"अब्रू नाही काढत. भागाकार दाखवतेय."

त्यांनी कागद न वाचताच परत दिला. व्हरांड्यात मी तिचा हात धरायला गेले. तिने तो सोडवून घेतला.

"आज बोललीस," ती म्हणाली, "आज काय जातंय तुझं?"

ती पायऱ्या उतरली. मी मागे गेले नाही. माझ्या तासाची घंटा झाली होती.