बायकोचे मामा आणि माझा ओटा

पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, याची इतकी चौकशी करणारा माणूस एकोणीसशे साठच्या आसपास अख्ख्या शहाद्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. राहायलाही आमच्याच गल्लीत. सगळी नोकरी सरकारी कचेरीत नकाशे गिरवण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात. मामा पाऊस लागला की छत्री, वही आणि पेन्सिल घेऊन गटारीपाशी जाऊन उभे राहत. लोक आडोशाला पळत असताना हे भर चौकात, पाणी कोणत्या बाजूला वळतं ते टिपून घेत. मग घरी चार पारदर्शक कागद निघत: एकावर घरं, दुसऱ्यावर जमिनीचे उतार, तिसऱ्यावर गटारी, चौथ्यावर पाणी तुंबण्याच्या जागा. ते एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायचे आणि उजेडात तासन्‌तास बघत बसायचे. मामी म्हणत, "मन्हाकडे इतलं कधी देखं नही यासनी!"

मामा कुणाकडेही गेले की उतार बघायला प्यायला दिलेल्या पाण्यातलं थोडं आधी जमिनीवर ओतत. कळसाडीला माझ्या मेव्हणीसाठी स्थळ बघायला गेलो, तेव्हा मामांनी ओतलेलं पाणी बैठकीच्या कडेने निघालं ते थेट मुलाच्या आजोबांच्या धोतरात शिरलं. आजोबा दचकून उठले. मामा समाधानाने म्हणाले, "घरना उतार नैऋत्यले शे." लग्न जमलं, पण मुलाकडच्यांनी एकच अट घातली: मांडवात मामांच्या हाती तांब्या द्यायचा नाही.

आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचू लागलं होतं. एके सकाळी मामा कागदांची गुंडाळी घेऊन आले. "जावईबापू, पानी तुमना ओटाजोडे अडी ऱ्हायनं. आठे पहिले नाला व्हता." नाल्याच्या जागेवरचा म्हणे तो ओटा मी मोठ्या हौसेने, घडीव दगडाचा बांधला होता. मी चारचौघांत म्हणालो, "मामा, तुमचे कागद सरकले असतील!" सगळे हसले. मामाही हसले, कागद गुंडाळले आणि गेले.

त्याच आठवड्यात पाऊस कोसळला, आणि ओट्याने अडवलेलं पाणी समोरच्या सुताराच्या सखल घरात शिरलं. मी पोहोचलो तेव्हा मामा पाण्यात उभे राहून सुताराबरोबर ज्वारीची पोती माळ्यावर चढवत होते. मला वाटलं, आता चार शब्द ऐकवतील. ते एवढंच म्हणाले, "धरा, हाई पोतं जड शे." दुसऱ्या दिवशी मी स्वतः पहार घेऊन ओटा फोडला.

पुढचा मोठा पाऊस आला आणि पाणी गल्लीतून सरळ निघून गेलं. साचलंच नाही, त्यामुळे कुणाच्या काही लक्षातही आलं नाही. मामा मात्र धुतलेला सदरा घालून दिवसभर दारात उभे होते. कुणीतरी येऊन काहीतरी बोलेल, असं त्यांना वाटत असावं. मला ते माझ्या दारातून दिसत होते. पण ओट्याचं दुःख ताजं होतं. मी तोंड फिरवून आत गेलो. चार पावलं तर होती. जायला हवं होतं.