स्कूटरच्या फाइलमधला रिपोर्ट

बाळांनो, तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. तरी हे सावकाश वाचा. गेल्या आठवड्यात मी तुमच्या बाबांना फोनवर विचारलं, "ती रक्ताची तपासणी केलीस का?" म्हणाला, "केली आई, सगळं नॉर्मल आहे." म्हटलं, "मग रिपोर्ट पाठव." तर म्हणतो, "तुझं सिलिंडर आलं का?" अशी उत्तरं मी पूर्वी ऐकलेली आहेत, म्हणून आत्ताच लिहायला बसले. आजोबा म्हातारपणाने गेले असं तुम्हाला सांगितलं गेलं. ते खरं नाही.

रायपूर राजधानी झालं तेव्हाची गोष्ट. आम्ही तिथल्या मराठी वस्तीत, तात्यापाऱ्यात राहत होतो. आजोबा सिंचन खात्यात, वय सत्तावन्न. नव्या राज्याच्या वाट्याच्या फायली भोपाळहून गठ्ठ्यांनी येत होत्या आणि त्या लावायला माणसं पुरत नव्हती. आजोबांना घरी यायला उशीर झाला की उत्तर तयार असे, "भोपाळच्या फायली." सुरुवातीला मी ते मानलं.

मग एकेक गोष्ट खटकू लागली. चार वाजल्यानंतरचा चहा त्यांनी बंद केला. नागपूरच्या लग्नाला सगळे बसने निघाले, हे एकटे ट्रेनने. मंडळाच्या कार्यक्रमात कडेची खुर्ची धरायची आणि मधेच दोनदा उठून जायचं. आणि ज्या माणसाने लग्नापासून स्वतःचा रुमाल धुतला नव्हता, तो मी उठायच्या आत मोरीत पायजमा धुऊ लागला.

शेजारच्या बाईंनी ते बरोबर टिपलं.

"वहिनी, भाऊजी कपडे धुऊन राहिले म्हणे! काय गुन्हा केला त्यायनं?"

"आवड लागली असेल," मी म्हटलं.

"या वयात? लक्ष ठेवा बरं. नवीन राजधानी, नवीन ऑफिस, नवीन नवीन पोट्ट्या टायपिंगले."

मी हसले, पण घरात येऊन खुर्चीवर बसून राहिले. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, स्वतःला समजूतदार समजणारी बाई. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसात फोन लावला. शिपाई म्हणाला, "साहब तो तीन बजे ही निकल गए, दीदी. बोले, घर में काम है." साहेब सात वाजता घरी आले. "भोपाळच्या फायली," म्हणाले आणि चप्पल न काढता मोरीत शिरले.

मी आधी त्यांचे खिसे पाहिले, मग कपाट. आमच्या लोखंडी कपाटात सगळे कागद माझ्या हाताने लावलेले असत: वीज, घरपट्टी, विमा, मुलांची प्रमाणपत्रं, प्रत्येक फाइलवर चिठ्ठी. त्यांत एक फाइल स्कूटरची होती. स्कूटर विकून बरीच वर्षं झाली होती, पण कागद टाकून द्यायला माझा हात होत नव्हता. ती फाइल मी कधी उघडत नाही हे या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

कुठल्या बाईची चिठ्ठी सापडेल म्हणून मी ती उघडली. आत रक्ताचा रिपोर्ट होता, त्याखाली तुकडा काढून तपासल्याचा रिपोर्ट. प्रोस्टेटचा कॅन्सर. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची लहानशी ग्रंथी, हे मला तेव्हा नीट माहीतही नव्हतं. तारीख तीन महिन्यांपूर्वीची. घरात इंग्रजी नीट वाचता येणारी मी, आणि तो कागद मी सगळ्यांत शेवटी वाचला.

संध्याकाळी ते आले तेव्हा फाइल जेवणाच्या टेबलावर ठेवली होती.

"काहून लपवलं?" मी विचारलं. एरवी मी शुद्ध बोलते यावरून ते मला चिडवत. त्या दिवशी चिडवलं नाही.

"तुले काय सांगू? ती काय सांगायची जागा आहे का? तीन वाजता निघून दवाखान्यातच जात होतो."

"मला वाटलं, बाई आहे."

ते हसू लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तसं असतं तर बरं झालं असतं," म्हणाले.

त्या फाइलमध्ये आणखी एक फॉर्म होता, सही न केलेला. काढलेला तुकडा आणि थोडं रक्त संशोधनासाठी ठेवू द्याल का, असं रुग्णालयाने विचारलं होतं. आता माझा संशय त्यांच्यावरून उठून डॉक्टरांवर बसला. मी फॉर्म पेन्सिल घेऊन वाचला आणि प्रश्नांची यादी घेऊन आजोबांबरोबर रुग्णालयात गेले.

"इनके ऊपर प्रयोग करेंगे आप?"

"नहीं माताजी. इलाज वही होगा जो होना है. आप मना कर दीजिए, तब भी वही."

"नाव कोणाला दिसेल?" "नमुन्यावर नाव नसतं, नंबर असतो." "उद्या नको वाटलं तर?" "सांगा, काढून टाकू." डॉक्टर तरुण होता, चिडला नाही. मी आठवा प्रश्न काढला तेव्हा आजोबांनी माझ्या हातातून पेन घेतलं.

"दीड वर्ष त्रास होता, मी लाजेने गप्प बसलो," ते म्हणाले. "आता निदान माझा तुकडा तरी बोलू दे." आणि सही केली.

आधी आले असते तर काय झालं असतं, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते नक्की सांगता येत नाही, म्हणाला. एवढं मात्र त्याने ठासून सांगितलं: वडिलांना हा आजार असेल तर मुलाने त्रासाची वाट न बघता, वेळेत डॉक्टरांशी बोलावं.

पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून वाटी दिली आणि वाटीत एक कागद. लघवीला वारंवार जावं लागणं, धार बारीक होणं, रक्त दिसणं. असं काही नवऱ्याला होत असेल तर डॉक्टरांकडे न्या, आणि काही होत नसलं तरी पन्नाशीनंतर तपासणीबद्दल विचारा. बायकांनी पदर तोंडाला लावले. एकीने विचारलं, "कोण्या औषधाच्या कंपनीची एजंट झाली का तू?" दुसरीने कागद माझ्यासमोरच पाटाखाली सरकवला. आमच्या शेजारीणबाई मात्र सगळ्या गेल्यावर दारात रेंगाळल्या. "वहिनी, अजून एक द्या न. माझा पाण्यात भिजला," म्हणाल्या. कागद कोरडा होता, त्यांच्या मुठीत मला दिसत होता. मी दुसरा दिला. तो त्यांनी कोणाला दिला ते मी विचारलं नाही.

आजोबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. ऑपरेशन झालं, पुढे इंजेक्शनं. त्यातली सहा वर्षं चांगली गेली, तेलीबांध्याच्या तलावाला रोज फेरी मारत. शेवटी आजार हाडांत उतरला. तुमचे बाबा तेव्हा आठवडाभर इथे होते. सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि परत जाऊन तुम्हाला 'वय झालं होतं' एवढंच सांगितलं.

म्हणून सांगते, माझा तुमच्या बाबांवर विश्वास नाही. बावन्न वर्षांचा झाला आहे. चिडेल, ओरडेल, चिडू दे. रिपोर्ट हातात आल्याशिवाय त्याचं 'नॉर्मल' मानू नका. फोनवर सांगितलेलं चालणार नाही, कागद बघा, तारीख बघा.

आजोबांचे सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावलेले माझ्याकडे आहेत. त्यांच्या प्रती या पत्राबरोबर पाठवते आहे. अक्षरं थोडी फिकी झाली आहेत, पण नाव, वय आणि आजार स्पष्ट वाचता येतात.